केसपेपरला वारस हवा

आभा कार्ड, म्हणजे केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य योजनेतले ओळखपत्र, काढावे की काढू नये, हा वाद ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांपासून डॉक्टरांच्या परिसंवादांपर्यंत सगळीकडे रंगलेला दिसतो. त्यातल्या दोन्ही बाजू आता इतक्या ठरून गेल्या आहेत की वक्ता उभा राहिला की तो काय बोलणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. एक बाजू म्हणते, चौदा अंकी क्रमांक घ्या, म्हणजे तुमचा सारा वैद्यकीय इतिहास कोणत्याही डॉक्टरपुढे क्षणात उघडेल. दुसरी म्हणते, आपले आजार सरकारच्या आणि विमा कंपन्यांच्या हाती देण्यापेक्षा आपली फाइल आपण कपाटात जपावी. आपल्या आईवडिलांनी तेच केले. भांडण आहे ते नोंद कुठे ठेवावी याचे. मुळात नोंद शिल्लक आहे, हे मात्र दोघांनीही न तपासता मान्य करून टाकले आहे. ज्याला दहा-बारा वर्षांपूर्वीच्या उपचारांचे कागद एखाद्या नव्या उपचारासाठी मिळवावे लागले आहेत, त्याला हे गृहीतक किती पोकळ आहे ते कळलेले असते. माझे म्हणणे असे की, कागद की संगणक हा दुय्यम प्रश्न आहे. रुग्णाची नोंद किती वर्षे ठेवायची, ती पूर्ण स्वरूपात त्याच्या हाती केव्हा द्यायची आणि रुग्णालय बंद पडले तर तिची जबाबदारी कोणावर जायची, या तीन गोष्टी कायद्याने पक्क्या झाल्या पाहिजेत. त्या होत नाहीत तोवर आभाचा क्रमांक म्हणजे रिकाम्या कपाटाची किल्ली आहे.

माझ्या मोठ्या बहिणीचे उदाहरण देतो, कारण त्यात प्रश्नाचे सगळे पदर आहेत. तिच्या स्तनाच्या कर्करोगावर ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात उपचार झाले, ती बरी झाली, आणि दशकभरानंतर आजार हाडात पुन्हा उद्भवला. नव्या डॉक्टरांनी तीन गोष्टी मागितल्या. पहिली, जुन्या गाठीचा पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात जपलेला गाठीचा तुकडा. दुसरी, केमोथेरपीत दिलेल्या औषधांची नावे आणि एकूण मात्रा. तिसरी, रेडिएशनचा आराखडा, म्हणजे किती ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा, किती हप्त्यांत, नेमकी कोणत्या भागावर. आमच्याकडे होते ते डिस्चार्ज कार्ड, आणि त्यावर लिहिलेले होते की शस्त्रक्रिया झाली, केमोचे सहा डोस पूर्ण झाले, रेडिएशन पूर्ण झाले, प्रकृती स्थिर. ते लिहिणाऱ्याने काही खोटे लिहिले नव्हते, आणि तरीही त्या कार्डावरून पुढच्या डॉक्टरला काही ठरवता येत नव्हते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाची आयुष्यभरातली एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की हृदयाच्या स्नायूला इजा होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. त्यामुळे ‘सहा डोस’ या दोन शब्दांत ते औषध होते की नव्हते, आणि असेल तर किती, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल अंधारातच पडते. जुन्या रुग्णालयाच्या काउंटरवर उत्तर मिळाले की फाइल नष्ट केली आहे. ब्लॉक ज्या बाहेरच्या प्रयोगशाळेकडे गेला होता ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि नव्या मालकांकडे जुन्या मालाची यादी नव्हती.

इथे वाचकाला वाटेल की हा एका रुग्णालयाचा गलथानपणा झाला. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करून विषय संपला असता. अडचण अशी की त्या काउंटरवरच्या माणसाने नियमाप्रमाणेच उत्तर दिले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आंतररुग्णाची नोंद तीन वर्षे ठेवायची असते, आणि ही तीन वर्षे मोजायची ती उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर कित्येक स्त्रियांना संप्रेरकांवरच्या गोळ्या पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्याव्या लागतात. म्हणजे रुग्ण अजून उपचार घेत असतानाच त्या उपचारांच्या आरंभीची नोंद फाडून टाकायला नियमाची हरकत नाही. बाह्यरुग्ण विभागातल्या नोंदीचा तर त्या कलमात उल्लेखच नाही. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली काढली, तिच्यात बाह्यरुग्णही आले, तीन वर्षे शेवटच्या भेटीपासून मोजायची सुधारणा झाली आणि तीन वर्षांच्या आत सर्व नोंदी संगणकावर आणण्याचे बंधनही आले. पण औषधांच्या जेनेरिक नावांवरून आणि इतर मुद्द्यांवरून गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात ती स्थगित झाली. गंमत अशी की केंद्र सरकारच्याच आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली इलेक्ट्रॉनिक नोंदींची जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत रुग्ण हयात असेपर्यंत त्याची नोंद नष्ट करू नये असे म्हटले आहे. एकाच देशात एकाच माणसाच्या एकाच आजाराची नोंद संगणकात असेल तर आयुष्यभर आणि कागदावर असेल तर तीन वर्षे, हे कोणत्या तर्काने ठरले?

मला वाटते, तर्क आहे, पण तो आजाराचा नाही, न्यायालयाचा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीची मुदत दोन वर्षांची. दिवाणी दाव्यांची मुदत बहुधा तीन वर्षांची. डॉक्टरवर दावा होण्याचा काळ संपला की कागदाचे काम संपले, असा हा हिशेब दिसतो. नोंद म्हणजे डॉक्टरच्या बचावाचा पुरावा, असे मानले तर तीन वर्षे पुरेशी आहेत. नोंद म्हणजे पुढच्या उपचाराचे साधन, असे मानले तर तीन वर्षांना काही अर्थच उरत नाही, कारण कर्करोग, क्षयरोग, कृत्रिम सांधा किंवा हृदयातला स्टेंट यांना कायद्याचे कॅलेंडर माहीत नसते.

आणि संक्षेप ठेवून मूळ फेकून द्यावे, या सोयीच्या तोडग्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे तो वेगळ्याच कारणासाठी. आजच्या नोंदीतला कोणता तपशील उद्या निर्णायक ठरेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. स्तनाच्या कर्करोगात हर-टू नावाच्या प्रथिनाची तपासणी होते, आणि तिचा निकाल शून्य, एक, दोन किंवा तीन अशा श्रेणीत येतो. तीन म्हणजे पॉझिटिव्ह, शून्य आणि एक म्हणजे निगेटिव्ह, दोन आला तर आणखी एक चाचणी, हा वर्षानुवर्षांचा पाठ. शून्य आणि एक यांच्यात उपचारांच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता, म्हणून अनेक रिपोर्टांवर आणि बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर नुसते ‘निगेटिव्ह’ असे लिहिले जाई. २०२२ साली ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान या औषधाच्या चाचण्यांतून दिसले की ज्यांच्यात हे प्रथिन थोडेसे आहे, म्हणजे श्रेणी एक, किंवा श्रेणी दोन असून पुढची चाचणी निगेटिव्ह, त्या रुग्णांनाही त्याचा उपयोग होतो. एका शोधनिबंधाने काल एकच असलेला ‘निगेटिव्ह’ दोन भागांत फुटला, आणि आपण कोणत्या भागात आहोत हे ज्यांच्या कार्डावर लिहिलेले नाही त्यांना मूळ रिपोर्ट किंवा मूळ ब्लॉक हवा झाला. नवा तुकडा काढून तपासता येतो, हे खरे. पण आजार हाडात असेल तर तो काढणे त्रासाचे असते, आणि हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी वापरलेल्या आम्लाने अशा तपासण्या बिघडू शकतात. ज्याने दहा वर्षांपूर्वी संक्षेप लिहिला त्याला हे ठाऊक असणे शक्यच नव्हते, आणि म्हणूनच काय गाळायचे हे ठरवण्याचा अधिकार संक्षेप लिहिणाऱ्याला असू नये.

नवे उपचार जसजसे नेमके होत जातात, तसतशी त्यांची भूतकाळावरची मागणी वाढत जाते. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत ज्याच्या चाचण्या झाल्या त्या ‘नेक्सकार१९’ या भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराला (ज्यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो आहे काही विशिष्ट रक्तकर्करोगांच्या अशा रुग्णांसाठी, ज्यांच्यावर आधीचे उपचार चालले नाहीत किंवा ज्यांचा आजार उलटला. आधीचे कोणते उपचार, कोणत्या क्रमाने, किती काळ, त्याला प्रतिसाद काय, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर पात्रता ठरवायची कशावरून? कृत्रिम सांध्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने खुब्याचा एएसआर हा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता, आणि केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार त्यांतल्या जेमतेम १,०८० रुग्णांचा माग लागला. बाकीची हजारो माणसे कोण आणि कुठे आहेत? त्यांच्या शरीरात काय बसवले आहे हे कदाचित त्यांनाच माहीत नसेल. कारण सांध्याच्या डब्यावरचा जो स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला होता तो केसपेपर कोणाकडे आहे, याची कुठे यादीच नाही.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू, आणि ते नीट ऐकले पाहिजे, कारण त्यातले पुष्कळ खरे आहे. छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरचा पहिला मुद्दा जागेचा. नौपाड्यात किंवा वाशीच्या एखाद्या सेक्टरमध्ये दोन सदनिका जोडून उभारलेले पंधरा खाटांचे नर्सिंग होम ज्याने पाहिले आहे, त्याला हा मुद्दा हसण्यावारी नेता येणार नाही. माळ्यावर फायलींचे गठ्ठे, खाली उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, शेजारी सोसायटीची तक्रार, आणि चौरस फुटाचा दर वर्षागणिक वाढत चाललेला. त्यात २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाणी पडले तेव्हा, ठाणे जिल्ह्यात तळमजल्यावरचे किती दप्तर भिजून लगदा झाले याची गणती कोणी केली नाही. आता पुनर्विकासाची लाट आहे. इमारत पाडायची म्हणजे डॉक्टर तीन वर्षे भाड्याच्या जागेत, आणि भाड्याच्या जागेत मागच्या पंधरा वर्षांच्या फायली कोण नेणार? रद्दीवाल्याला किलोवर जाणाऱ्या गठ्ठ्यांत लोकांची आयुष्ये असतात हे त्या डॉक्टरलाही कळते. त्याचा दोष मला दिसत नाही. ज्याला साठवणीचा मोबदला नाही, ज्याच्यावर साठवणीची सक्ती नाही आणि ज्याच्यामागे साठवण करणारी कोणतीही सार्वजनिक यंत्रणा नाही, तो माणूस आणखी काय करील?

पण जागा नाही म्हणून नोंद नाही, हे आपण बाकी कुठे मान्य करतो? नगरपालिकेच्या साध्या शाळेत, जिथे छप्पर गळते आणि शिपायाची जागा रिकामी आहे, तिथेही जनरल रजिस्टर जपले जाते, आणि चाळीस वर्षांनी गेलेल्या माणसाला दाखल्याची दुय्यम प्रत मिळते. जमिनीचे तर बोलायलाच नको. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून इंग्रजांनी मोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यातून आलेले सर्व्हे नंबर आजही आपल्या सातबाऱ्यावर आहेत. गुंठाभर तुकडा कोणाकडून कोणाकडे गेला हे फेरफाराच्या नोंदींवरून पणजोबांपर्यंत मागे जाऊन सांगता येते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून महसुलाची, शाळांची जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या मराठा आरक्षणाच्या मागणीतून हे घडले तिच्याविषयी कोणाचे काहीही मत असो, एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाली: शंभर वर्षांपूर्वीची नोंद या राज्यात सापडू शकते, जर ती जपणे हे कोणाचे तरी काम म्हणून ठरवून दिलेले असेल. शेताचा इतिहास सरकारने जपला, कारण त्यावर सारा वसूल व्हायचा होता. शरीराच्या इतिहासावर सारा नाही, म्हणून त्याला तलाठीही नाही.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या जबाबदारीचा. आपल्या आजाराची फाइल आपण जपायला नको का? जपायला हवी, यात वाद नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तारखेवार कागद लावून आणणारे आजोबा पाहिले की कोणत्याही डॉक्टरचा चेहरा उजळतो. पण जपायला हातात काय दिले जाते? डिस्चार्जच्या दिवशी मिळते ते कार्ड, बिले आणि काही रिपोर्ट. रोजच्या नोंदी, औषधांचा तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणे, भूलतज्ज्ञाचा कागद हे सगळे रुग्णालयाच्या एमआरडीत, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या विभागात, जाते. हृदयाचा आलेख ज्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतो तो काही वर्षांत फिका पडतो. एमआरआयची सीडी मिळते, पण ती वाचणारा संगणक आता घरात सापडत नाही. आणि ज्यांचा विमा प्रतिपूर्तीचा असतो, त्यांच्या मूळ कागदांची तर कंपनीकडे एकदाच पाठवणी होते. झेरॉक्स काढून ठेवली असेल तर ठीक. इथे एक बाब मला फार बोचते. कॅशलेस दावा अडला की टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेला, हवे असलेले संपूर्ण इनडोअर केसपेपर, प्रत्येक पानावर शिक्का मारून, रुग्णालयातून झटपट निघतात. तेच कागद रुग्णाने स्वतःसाठी मागितले की अर्ज, ओळखपत्र, संमतिपत्र, साहेबांची सही आणि ‘पुढच्या आठवड्यात या’. म्हणजे क्षमता आहे. ती पैशाच्या दिशेने धावते, रुग्णाच्या दिशेने चालतसुद्धा नाही.

आणि मागण्याचा हक्क नाही म्हणावे तर तोही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले की गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला त्याच्या कागदांच्या प्रती नाकारता येत नाहीत. २००२ च्या नियमात मागणी केल्यापासून ७२ तासांची मुदत आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्कांच्या सनदेत दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी गेल्यावर ७२ तासांत प्रती द्याव्यात असे म्हटले आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ तर मनोरुग्णालाही आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क देतो. म्हणून आणखी एक हक्क कागदावर आणा, असे मी म्हणत नाही. जो हक्क बजावायला आजारी माणसाने किंवा त्याच्या थकलेल्या नातेवाइकाने काउंटरवर भांडावे लागते, तो हक्क ज्यांना भांडता येते त्यांचाच होतो. खोपटच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीतली बाई ‘फाइल नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरते, आणि ती फिरली याची कुठे नोंदही होत नाही. पूर्ण केसपेपरची प्रत डिस्चार्जच्या वेळीच, न मागता, बिलाबरोबर हाती पडली पाहिजे.

तिसरा आक्षेप डॉक्टर उघडपणे बोलत नाहीत, पण खासगीत हमखास बोलतात, आणि तो भीतीचा आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून प्रत्येक पान म्हणजे आपल्याविरुद्धचा संभाव्य पुरावा अशी भावना व्यवसायात रुजली. त्यावर रुग्णालयांची तोडफोड आणि डॉक्टरांना मारहाण. महाराष्ट्राला २०१० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तरी प्रकार थांबलेले नाहीत. या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. मध्यरात्री अपुऱ्या माणसांनिशी घेतलेला निर्णय दोन वर्षांनी वातानुकूलित खोलीत बसून कोणी ओळीओळीने तपासावा, हे कोणालाही नकोसेच वाटेल. पण या भीतीवर कागद दडवणे हा उतारा होत नाही. ग्राहक आयोगापुढे नोंद सादर न करणाऱ्या रुग्णालयाविरुद्धच प्रतिकूल निष्कर्ष काढला जातो, आणि ज्या डॉक्टरने वेळ घालून नीट लिहिले असते त्याला वाचवतो तो त्याचाच कागद. शिवाय प्रत आपोआप सर्वांनाच मिळू लागली, तर ती मागणारा माणूस संशयित राहणार नाही. आज मात्र जुनी फाइल मागितली की समोरच्याचा पहिला प्रश्न असतो, ‘का, काही केस करायची आहे का?’ कर्करोग उलटलेल्या बाईच्या भावाला हा प्रश्न ऐकावा लागणे, हे त्या व्यवसायालाही शोभत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मला या सगळ्यांत सर्वांत वजनदार वाटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, आणि देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित सरकारी रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहून काम चालवावे लागले. एचआयव्ही, गर्भपात, मनोविकार, व्यसन यांच्या नोंदी चुकीच्या हाती पडल्या तर नोकरी जाते, लग्न मोडते, माणूस उद्ध्वस्त होतो. असल्या नोंदी कायम ठेवा म्हणणे म्हणजे धोका कायम ठेवणे, हे म्हणणाऱ्याला मी उडवून लावू शकत नाही. त्यात २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा सांगतो की ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपला, आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे भाग नसेल, तर ती पुसावी. उद्या एखादे रुग्णालय याच कलमाकडे बोट दाखवून म्हणेल, उपचार संपले, हेतू संपला, आम्ही पुसले. पण या धोक्यातून निघणारा निष्कर्ष ‘नोंद ठेवू नका’ हा नसून ‘सगळे एका जागी ठेवू नका’ हा आहे. मूळ प्रत उपचार करणाऱ्याकडे, पूर्ण नक्कल रुग्णाकडे, आणि दोघांना जोडणारा धागा रुग्णाच्या संमतीने चालणारा, ही रचना मोठ्या मध्यवर्ती कोठारापेक्षा सुरक्षित आहे. आभाचा आराखडा कागदोपत्री असाच आहे. त्या क्रमांकाखाली सरकारकडे फायली साठत नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या रुग्णालयातच राहतात. म्हणून तर रुग्णालयाने फाइलच ठेवली नाही तर क्रमांकाचा उपयोग शून्य. विरोधकांना ज्या कोठाराची भीती वाटते ते मुळात नाही, आणि समर्थकांना ज्याची आशा आहे तेही नाही. आणि ज्याला आपली एखादी नोंद खरोखर नको आहे, त्याला ती पुसून घेता यावी. पण तो निर्णय त्याचा असावा, माळा रिकामा करणाऱ्याचा नव्हे.

तपासण्या पुन्हा करता येतात, मग जुने कशाला उकरायचे, हा युक्तिवाद मधुमेहाच्या रुग्णापुरता ठीक आहे. रक्तातली साखर आज मोजता येते. दहा वर्षांपूर्वी मज्जारज्जूला मिळालेली रेडिएशनची मात्रा आज कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही, आणि काढून टाकलेली गाठ पुन्हा काढता येत नाही. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

इतर ठिकाणी हा प्रश्न कसा सुटला, हे पाहिले तर संगणकाचा त्याच्याशी संबंध किती कमी आहे हे ध्यानात येते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत नोंदी ठेवत असे; १९०७ मध्ये हेन्री प्लमर या डॉक्टरने प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि एक पाकीट दिले, आणि सगळ्या विभागांचे कागद त्यात जाऊ लागले. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या काळात लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखले जाणारे छोटे पाकीट आले, आणि माणसाने गाव बदलून डॉक्टर बदलला की ते त्याच्यामागून नव्या डॉक्टरकडे जाऊ लागले. शंभर वर्षे हे पुठ्ठ्यावर चालले. दोन्हीकडे शोध यंत्राचा लागला नव्हता. नोंद डॉक्टरच्या मागून न जाता रुग्णाच्या मागून जाते, एवढेच ठरले होते. आपल्याकडे लस दिल्याची नोंद कोविन संकेतस्थळावर २२० कोटी मात्रांपर्यंत ठेवली गेली, कारण प्रमाणपत्राशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. काम कोणाचे हे स्पष्ट होते, आणि ते केले नाही तर ताबडतोब खोळंबा होत होता.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मी टाळत नाही. डिस्चार्जच्या वेळी पूर्ण केसपेपर स्कॅन करून देण्याचा खर्च रुग्णालयाच्या बिलापुढे किरकोळ आहे, आणि तो बिलात उघडपणे लावला तरी मला चालेल. नोंदणी शुल्क, जैविक कचऱ्याचे शुल्क, फाइलचे शुल्क आपण भरतोच, आणि त्या शेवटच्या शुल्कात फाइल मिळत नाही. जुन्या कागदांचे आणि ब्लॉकचे काय, हा अवघड भाग आहे. अमेरिकेतल्या रोगनिदानशास्त्रज्ञांच्या संस्थेने पॅराफिन ब्लॉक दहा वर्षे ठेवण्याचा दंडक घातला आहे. बोटाच्या पेराएवढा तो मेणाचा तुकडा साठवायला फार मोठी जागा लागत नाही, पण तो कोठे आहे हे सांगणारी वही मात्र जपावी लागते, आणि प्रयोगशाळा विकली गेली तर विक्रीच्या करारात ती वहीही गेली पाहिजे.

हे सारे दिल्लीवर किंवा मंत्रालयावर ढकलण्याची गरज नाही. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. इथे अजून १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो, आणि त्याखाली ठाण्यात ठाणे महापालिका व नवी मुंबईत नवी मुंबई महापालिका नोंदणी देते आणि नूतनीकरण करते. अग्निशमनाचा दाखला नसेल तर नूतनीकरण अडते, मग रुग्णालय बंद झाले, विकले गेले किंवा पुनर्विकासात गेले तर नोंदींचा ताबा कोणाकडे जाईल, त्याचे नाव अर्जात का विचारले जाऊ नये? ज्याला असा कोणी मिळत नाही, त्याचे दप्तर महापालिकेने फी घेऊन ताब्यात घ्यावे. जन्म-मृत्यूच्या नोंदी तीच सांभाळते, म्हणजे हे काम तिला नवे नाही. बंद करण्याआधी तीन महिने दारावर आणि दोन मराठी वर्तमानपत्रांत सूचना लावावी, ज्यांना आपली फाइल हवी त्यांनी ती न्यावी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापासून आणि वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांपासून सुरुवात केली, तर खासगी डॉक्टरांना ‘आधी तुम्ही करून दाखवा’ असे म्हणायची सोयही उरणार नाही. यावर पालिकेचे अधिकारी म्हणतील की मनुष्यबळ नाही, आणि ते खरेही असेल. पण परवान्याच्या अर्जात एक रकाना वाढवण्यासाठी किती मनुष्यबळ लागते, एवढे तरी त्यांनी सांगावे.